दुर्गाबाई खोटे : घराण्याचे नाव आणि स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले काम

धागाकर्ती : आरस्पानी

दुर्गाबाई खोटे यांच्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्याची सुरुवात बहुधा एकाच विधानाने होते. खानदानी घरातील शिकलेली सून सिनेमात आली आणि त्यामुळे सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली, असे ते विधान असते. ते निराधार नाही. परंतु त्यात सारा भर त्यांच्या माहेर-सासरच्या नावावर पडतो आणि पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी जे काम केले ते त्या नावामागे झाकले जाते, हे मला ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र पुन्हा वाचताना प्रकर्षाने जाणवले. मॅजेस्टिक प्रकाशनाने हे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा दुर्गाबाईंचे वय सत्त्याहत्तर होते आणि पुढे २००६ मध्ये शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. एका अभिनेत्रीने आपले काम, आपले कुळ, आपला संसार आणि आपले राहणे यांच्याकडे उतारवयात वळून पाहिले, म्हणजे काय केले, यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

प्रथम घराण्याविषयी. दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील सॉलिसिटर होते. घराणे मूळचे गोव्याचे, घरात कोकणी बोलली जाई आणि गिरगावातील कांदेवाडीत मोठे एकत्र कुटुंब नांदत होते. कॅथीड्रल शाळा आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालय, हे शिक्षण त्या काळातील मुलीला सहजी मिळणारे नव्हते. लग्न विश्वनाथ खोटे यांच्याशी झाले. ते बनारस हिंदू विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकून आलेले होते आणि सासरची श्रीमंतीही मोठी होती. ती श्रीमंती ओसरली तेव्हा दुर्गाबाईंच्या पदरी बकुळ आणि हरीन ही दोन लहान मुले होती, आणि घर चालवायचे कसे हा प्रश्न आ वासून उभा होता. त्यांनी आधी शिकवण्या केल्या. सिनेमा त्यानंतर आला, आणि तो हौस म्हणून आला नाही. पुढे पतीच्या अकाली निधनाने मुलांचा सगळा भार त्यांच्या एकटीवर पडला.

१९३१ मध्ये मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी अगदी छोटी भूमिका केली. जाहिरातीत मात्र त्यांच्या घराण्याचा गाजावाजा मोठा होता. लाडांची लेक आणि खोट्यांची सून पडद्यावर पाहायला मिळणार, हेच त्या चित्रपटाचे भांडवल झाले, आणि त्यावरून समाजात आणि नात्यागोत्यात जो गदारोळ उठला तो त्या मुलीलाच सोसावा लागला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या नावाने सिनेमाला प्रतिष्ठा दिली असे आपण म्हणतो, त्या नावाची पहिली विक्री त्या नावाच्या मालकिणीला विचारून झालेली नव्हती.

त्यानंतर व्ही. शांताराम यांनी त्यांना कोल्हापुरात ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेच्या ‘अयोध्येचा राजा’ साठी बोलावले. १९३२ मध्ये आलेला हा पहिला मराठी बोलपट. आज उपलब्ध असलेल्या भारतीय बोलपटांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो, त्यामुळे इच्छा असेल त्याला दुर्गाबाईंची तारामती अजूनही पाहता येते. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते आणि संगीतही त्यांचेच होते. ही भूमिका कोणत्या जागी उभी आहे ते लक्षात घ्यावे. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये हीच तारामती अण्णा साळुंके यांनी केली होती, कारण तेव्हा त्या भूमिकेसाठी कोणी बाई मिळाली नव्हती. एकोणीस वर्षांनी त्याच राणीला स्त्रीचा चेहरा आणि तिचा स्वतःचा आवाज मिळाला.

आवाजाविषयी थोडे थांबून लिहिते. पार्श्वगायन अजून सुरू झालेले नव्हते. गाणे म्हणायचे ते कॅमेऱ्यासमोर, अभिनय करता करता, ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात राहून म्हणायचे, आणि वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड कुठेतरी बसवलेले असायचे. मान वळवली तर आवाज दूर जाणार, सूर चुकला तर सारा प्रसंग पहिल्यापासून. ‘बाळा का झोप येईना’ हे अंगाईगीत ऐकताना हे ध्यानात ठेवावे. गाणारी बाई गवयाच्या घरातील नाही, रंगभूमीवर वाढलेली नाही आणि अभिनयाचे कोणतेही शिक्षण तिच्या गाठीशी नाही. असे असूनही तिचा आवाज सरळ लागतो, शब्द स्वच्छ येतात आणि अंगविक्षेपाचा मोह कुठेही दिसत नाही. त्या काळातील इतर बोलपटांमधला नाटकी आवेश आठवला, तर हा संयम किती वेगळा होता ते कळते.

त्याच वर्षी आलेल्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. शिकारी जनावर सोबत बाळगणारी आणि पुरुषांना तुच्छ लेखणारी ही राणी पाहून प्रेक्षक दिपून गेले. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी पाऊल वाटते. कलावंताने एका संस्थेशी मासिक पगारावर बांधून घ्यायचे, हा त्या वेळचा शिरस्ता होता. दुर्गाबाई त्यातून बाहेर पडल्या. कलकत्त्याला जाऊन त्यांनी न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी ‘सीता’ (१९३४) हे देवकी बोस यांचे चित्रपट केले. ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर राम होते आणि हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३६ मध्ये त्या ‘प्रभात’कडे परतल्या त्या ‘अमर ज्योती’साठी, आणि भूमिका होती समुद्रावरील लुटारूंच्या म्होरकीची. कायद्याने आपले मूल आपल्याला मिळू दिले नाही म्हणून बंड करून उठलेली ही सौदामिनी, दोन मुलांसाठी घराबाहेर पडलेल्या बाईने साकारावी, यातले नाते वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. तारामती, मीरा आणि सीता या भूमिकांमध्ये त्यांच्या घरंदाजपणाचा वाटा होता, हे उघड आहे. परंतु स्वतःचे काम स्वतः निवडण्याइतके बळ आल्यावर त्यांनी काय स्वीकारले ते पाहा. ‘पायाची दासी’तील (१९४१) करडी सासू, ‘भरत मिलाप’मधील (१९४२) कैकेयी, ‘पृथ्वीवल्लभ’मधील (१९४३) मृणालवती, आणि रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि ‘राजमुकुट’मधील लेडी मॅकबेथचा मराठी अवतार. लोकांच्या शिव्याशापांच्या धनी झालेल्या या बायका आहेत. सोज्वळतेचे प्रतीक म्हणून जिला आणले गेले, तिने आपल्या उमेदीच्या वर्षांत एकामागून एक अशा कठोर आणि महत्त्वाकांक्षी स्त्रिया उभ्या केल्या, आणि हेच तिचे खरे कर्तृत्व आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद : साक्षेपी

धागा अभ्यासपूर्ण आहे आणि त्याबद्दल आपले आभार. तरीही मूळ मांडणीला माझा एक आक्षेप आहे. घराण्याचे नाव बाजूला ठेवून केवळ काम पाहावे असे आपण म्हणता, परंतु काम निवडण्याची मोकळीक ज्या अनेक गोष्टींमुळे मिळते त्यांत ते नावही होते. संस्थेशी बांधून न घेता चार ठिकाणी काम करणे दुर्गाबाईंना जमले, कारण त्यांच्याशी बोलणी करणारा निर्माता समोर सॉलिसिटरची मुलगी आहे, हे जाणून बोलत होता.

याच ‘प्रभात’मध्ये शांता आपटे होत्या. ‘कुंकू’मधील (१९३७) त्यांची नीरा आजही अंगावर येते. त्यांचे कंपनीशी बिनसले तेव्हा, १९३९ मध्ये, त्यांना पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसावे लागले. पुढील वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्यातील माणसांची पिळवणूक मांडली. दोघी असामान्य होत्या, दोघींनाही पगारी बांधिलकी जाचत होती, परंतु एकीला सन्मानाने बाहेर पडता आले आणि दुसरीला दारात बसावे लागले.

हंसा वाडकर यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्या मूळच्या रतन साळगावकर. पडद्यावर येताना साळगावकर हे आडनाव मागे राहिले. दुर्गाबाईंचे आडनाव जाहिरातीत ठळक छापले गेले आणि हंसाबाईंचे बदलले गेले, या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात अशी माझी विनंती आहे. ‘सांगत्ये ऐका’ हे १९७० मधील त्यांचे आत्मकथन आणि ‘मी, दुर्गा खोटे’ ही दोन पुस्तके एकाच कपाटात असूनही त्यांच्यामध्ये केवढे अंतर आहे!

आणखी एक गोष्ट. चांगल्या घरातील पहिली स्त्री असे म्हणताना १९१३ मधील ‘मोहिनी भस्मासुर’चा विसर पडू नये. फाळके यांच्या त्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले होते. कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखले यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखले यांच्या आजी. त्या माउलींनी समाजाचा रोष पत्करला तेव्हा त्यांच्यामागे ना पैसा होता, ना कोणाचे पाठबळ.

प्रतिसाद : कुळागर

मी फोंड्याजवळचा आहे, म्हणून गोव्याच्या धाग्याविषयी लिहितो. लाडांचे घराणे गोव्याचे होते, हा उल्लेख दुर्गाबाईंच्या प्रत्येक परिचयात एका वाक्यात येतो आणि संपतो. परंतु आमच्याकडे संगीत आणि अभिनय यांचा वारसा ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला त्या देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजातील होत्या, आणि ब्राह्मण घरांतील मुलींनी त्या कलांकडे लांबून पाहायचे असा दंडक होता. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या मातीतल्याच. त्यांनी मुंबईत नाव काढले ते अपार कष्टाने, आणि समाजाची नजर झेलून. त्याच गोव्यातून आलेल्या दुसऱ्या थरातील कुटुंबातील मुलगी १९३१ मध्ये पडद्यावर आली, तेव्हा तिच्या आप्तांना वाटलेली भीती ही केवळ सिनेमाची नव्हती. आपल्या मुलीला लोक कोणत्या रांगेत उभे करतील, ही ती भीती होती. साक्षेपी यांनी मांडलेला भेद म्हणूनच मला पटतो, आणि त्याची मुळे मुंबईच्या स्टुडिओपेक्षा कितीतरी जुनी आहेत.

दुसरे थोडे आनंदाचे लिहितो. १९७३ मधील ‘बॉबी’ आठवा. त्यातील मिसेस ब्रगँझा, म्हणजे बॉबीची आजी, दुर्गाबाईंनी केली आहे. हिंदी सिनेमाने गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला फार वेळा दारूची बाटली आणि मोडकी हिंदी यांपलीकडे काही दिले नाही, आणि त्या चित्रपटातही जॅक ब्रगँझाचे पात्र बऱ्याच अंशी त्याच वळणाचे आहे. आजीचे मात्र तसे नाही. श्रीमंताच्या मुलाला लहानपणी सांभाळलेली ही बाई आपला मान राखून वागते, मायेने बोलते आणि नात व तिचा मित्र यांच्याकडे एकाच वेळी काळजीने आणि कौतुकाने पाहते. अशा आज्या मी वाड्यावर पाहिलेल्या आहेत. अडुसष्टाव्या वर्षी दुर्गाबाईंनी तिला जो भारदस्तपणा दिला, त्यात घरातील कोकणीचा आणि गोव्याच्या माणसांच्या सहवासाचा काही भाग नक्की असणार, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद : विंगेतून

धागाकर्तीने रंगभूमीचा उल्लेख एका वाक्यात केला, तो विस्ताराने व्हायला हवा, कारण तिच्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथेच आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मराठी नाटकाची अवस्था बिकट होती. बोलपटाने प्रेक्षक पळवले होते आणि जुन्या मंडळ्या मोडीत निघाल्या होत्या. अशा काळात मुंबई मराठी साहित्य संघाने नाटक पुन्हा उभे करण्याचे जे काम हाती घेतले, त्यात दुर्गाबाई होत्या. सिनेमात पाय रोवलेल्या नायिकेला नाटकातून पैसा मिळणार नव्हता, तालमींना वेळ द्यावा लागणार होता आणि समोर नानासाहेब फाटक यांच्यासारखा सिंह उभा राहणार होता. फाटकांचा राघोबा आणि दुर्गाबाईंची आनंदीबाई, अशी ‘भाऊबंदकी’ ज्यांनी पाहिली त्या पिढीतील मंडळी त्याविषयी बोलताना अजून हळवी होतात.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या या नाटकातील आनंदीबाई म्हणजे ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला आणि त्याचे पाप लोकस्मृतीने कायमचे तिच्या माथी मारले. या भूमिकेत ओरडण्याला भरपूर वाव आहे. एखादी नटी खलनायिका रंगवून टाळ्या घेऊन जाईल. परंतु आनंदीबाई ही घरातील सर्वांत हुशार व्यक्ती आहे, तिचा नवरा दुबळा आहे आणि सत्ता हाताशी येऊन निसटते आहे, हे दाखवायचे असेल तर तिथे अधिकाराने बोलणारी बाई लागते. दुर्गाबाईंची ताठ मान आणि शब्द न ओढता बोलण्याची पद्धत अशा ठिकाणी सोने होऊन जाते.

‘राजमुकुट’ हे वि. वा. शिरवाडकर यांनी केलेले ‘मॅकबेथ’चे रूपांतर. दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल यांचे होते आणि इथेही जोडी फाटक-दुर्गाबाई अशीच होती. म्हणजे १९५० च्या दशकात, वयाची पन्नाशी गाठताना, ही बाई एका परदेशी दिग्दर्शकाच्या हाताखाली नव्याने शिकायला तयार झाली. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मला एक सुचवावेसे वाटते. आनंदीबाई, लेडी मॅकबेथ आणि कैकेयी या तिघींमध्ये एक साम्य आहे. तिघीही स्वतःच्या नावाने राज्य करू शकत नाहीत. पती किंवा पुत्र यांच्या आडून त्यांना सत्ता गाठावी लागते. बुद्धी असून अधिकार नसलेल्या बाईची तडफड दुर्गाबाईंना नेमकी कळत होती, आणि ती त्यांना सोसलेल्या आयुष्यातून कळली असावी.

प्रतिसाद : आरस्पानी

विंगेतून, आपल्या शेवटच्या परिच्छेदाने माझ्या मनात अर्धवट असलेली गोष्ट पूर्ण केली.

साक्षेपी, आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मी नाकारत नाही. नावामुळे दार उघडले. माझे म्हणणे त्या पुढचे आहे. दार उघडून मिळाले म्हणून आत गेल्यावर कोणती खोली निवडायची हे ठरत नाही. सीता, सावित्री आणि संतांच्या पत्नी अशा भूमिकांवर त्या सबंध आयुष्य आरामात काढू शकल्या असत्या आणि लोकांनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले असते. मृणालवतीच पाहा. क. मा. मुन्शी यांच्या कादंबरीवरून सोहराब मोदी यांनी केलेल्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये ही राजा तैलपाची बहीण आहे. देहसुखाला पाप मानणारी, सत्तेचा कडक अंमल चालवणारी ही बाई बंदिवान राजा मुंजाचा (ही भूमिका मोदींची) गर्व उतरवायला जाते आणि स्वतःच हरते. मोदींच्या पल्लेदार संवादफेकीपुढे बहुतेक जण फिके पडत. दुर्गाबाई आवाज न चढवता त्यांच्यासमोर उभ्या राहतात, आणि तो सामना बरोबरीचा होतो.

हंसाबाई आणि दुर्गाबाई यांची पुस्तके एकत्र वाचावीत, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एक भेद मात्र नोंदवते. हंसाबाईंचे आयुष्य त्यांच्या माणसांनी त्यांच्याकडून कसे ओढून घेतले हे ‘सांगत्ये ऐका’ वाचताना कळते, आणि वाचक सुन्न होतो. दुर्गाबाईंचे पुस्तक संयमाने लिहिलेले आहे. त्या संयमामुळे काही वाचकांना ते कोरडे वाटते, परंतु आर्थिक घसरण, नात्यातील टोमणे आणि मुलांची काळजी या गोष्टी आरडाओरडा न करता सांगणे हे त्यांच्या अभिनयाशी सुसंगतच आहे.

प्रतिसाद : इरकल

राहणीमानाविषयी अजून कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. हा विषय वरवरचा मानू नये. ज्या काळात अभिनेत्रीच्या चारित्र्याचा निवाडा तिच्या पदरावरून होत असे, त्या काळात वेश ही फार जोखमीची बाब होती.

१९३० आणि १९४० च्या दशकांतील आपल्या मराठी अभिनेत्रींकडे पाहिले तर प्रत्येकीने हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला दिसतो. मीनाक्षी शिरोडकर यांनी १९३८ मध्ये मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’त पोहण्याचा पोशाख घालून ‘यमुनाजळी खेळू खेळ’ म्हटले आणि महाराष्ट्रात खळबळ उडवली. लीला चिटणीस या पदवीधर, नाटकातून आलेल्या. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तारका. शिक्षण आणि सौंदर्य एकत्र मिरवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. दुर्गाबाईंनी यांपैकी कोणताच मार्ग घेतला नाही. ‘माया मच्छिंद्र’मधील राणीचा साज असो की त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाईचा जडजवाहीर, त्यांच्या अंगावर कपडा कधी जड झाला नाही, कारण त्यांचे सारे सौंदर्य उभे राहण्यात होते. उंची, सरळ पाठ, संथ चाल आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे, एवढ्यावर त्यांनी राणीपासून स्वयंपाकघरातील मावशीपर्यंत सारे उभे केले.

जोधाबाईचेच उदाहरण घ्या. त्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर यांचा अकबर गर्जतो आणि दिलीपकुमार यांचा सलीम धुमसतो. एकाची पत्नी आणि दुसऱ्याची आई असलेल्या या बाईला दोघांच्या मध्ये उभे राहायचे आहे. इतके दागिने, इतका भव्य शीशमहाल आणि इतके जोरकस संवाद यांच्या गर्दीत दुर्गाबाई केवळ चेहऱ्याची एक बाजू वळवून दुःख पोहोचवतात. रामाशेजारी सीता म्हणून उभ्या राहिल्यानंतर सव्वीस वर्षांनी त्या पुन्हा पृथ्वीराज यांच्याशेजारी उभ्या आहेत, हे ठाऊक असले की ते प्रसंग आणखी भिडतात.

साधेपणाचेही तसेच. ‘बावर्ची’ (१९७२) आणि ‘अभिमान’ (१९७३) या हृषीकेश मुखर्जी यांच्या चित्रपटांतील त्यांचे वावरणे पाहताना आपल्या घरातील वडीलधारी बाई बसली आहे असे वाटते. आमच्या पिढीतील बहुतेकांना त्या आधी अशाच भेटल्या, आणि तारामती फार उशिरा भेटली.

प्रतिसाद : तिसरी घंटा

कुटुंबाच्या बाजूने एक भर घालतो. दुर्गाबाईंचे दीर नंदू खोटे हे नाटक आणि मूकपटांतील कलावंत. त्यांची मुले म्हणजे शुभा खोटे आणि विजू खोटे. धाकट्या पिढीत रंगभूमीशी सर्वांत खोल नाते जोडले ते मात्र सुनेने. विजया जयवंत यांचा विवाह दुर्गाबाईंचे चिरंजीव हरीन यांच्याशी झाला होता. हरीन यांचे अकाली निधन झाले, विजयाबाईंच्या पदरी दोन लहान मुलगे होते. पुढे फरोख मेहता यांच्याशी विवाह होऊन त्या विजया मेहता झाल्या आणि ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेपासून ‘बॅरिस्टर’ या नाटकापर्यंत त्यांनी मराठी नाटकाला जे दिले ते सर्वश्रुत आहे.

सासू आणि सून, दोघींनाही तरुण वयात वैधव्य आले आणि दोघींच्याही पदरी दोन-दोन मुलगे होते. दोघींनी कामाला घट्ट धरून ठेवले. दुर्गाबाईंवर तर त्यात पुत्रशोकाचीही भर पडली. मला वाटते, या कुटुंबाच्या प्रतिष्ठेची चर्चा पैसा आणि आडनाव यांवरून होण्यापेक्षा घरातील बायकांच्या कष्टांवरून झाली पाहिजे.

प्रतिसाद : साक्षेपी

तिसरी घंटा यांनी सांगितलेली बाजू मला नव्याने विचार करायला लावणारी आहे. आरस्पानी यांचा देव्हाऱ्याचा मुद्दाही बिनतोड आहे, तो मी स्वीकारतो. तरी एक प्रश्न उरतो. चाळिशीनंतर आईच्या, मावशीच्या आणि आजीच्या भूमिका त्यांनी शेकड्याने केल्या. त्यांतील अनेक भूमिकांमध्ये अश्रू ढाळण्यापलीकडे काही नव्हते. तिथे निवड कुठे दिसते?

प्रतिसाद : आरस्पानी

प्रश्न रास्त आहे. त्यांच्या दोनशेच्या आसपास चित्रपटांपैकी पुष्कळ भूमिका या केवळ चरितार्थासाठी केलेल्या होत्या, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. हिंदी सिनेमाने चाळिशीपुढील अभिनेत्रीला आईच्या पलीकडे जागा ठेवलीच नव्हती. लीला चिटणीस यांनाही ‘शहीद’पासून (१९४८) त्याच वाटेने जावे लागले. घर चालवणारी बाई आलेले काम परतवत नाही, ते नीट करते. नीट करण्याचे फळही त्यांना मिळाले. ‘बिदाई’तील (१९७४) आईच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या.

शिवाय निवड केवळ भूमिकेतच शोधू नये. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातच त्यांनी ‘सवंगडी’ या चित्रपटाच्या निर्मितीत उडी घेतली होती, त्या काळी बाईने निर्माती होणे ही किती अपूर्व गोष्ट होती ते सांगायला नको. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि माहितीपट, जाहिरातपट अशी कामे नेटाने केली. पडद्यावर इतर दिग्दर्शक त्यांना रडणाऱ्या आईच्या भूमिका देत होते, त्याच काळात पडद्यामागे त्या मालक म्हणून पगार देत होत्या. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवर कुंदन शहा यांनी केलेली ‘वागले की दुनिया’ ही दूरदर्शनवरील मालिका १९८८ मध्ये आली, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. ‘पद्मश्री’ १९६८ ची, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ चा. म्हणजे सर्व मानसन्मान पदरात पडल्यानंतर, आत्मचरित्रही लिहून झाल्यानंतर, ज्या माध्यमाला तेव्हाचे अनेक बडे लोक कमी लेखत त्या दूरचित्रवाणीसाठी त्यांच्या कंपनीने मध्यमवर्गीय कारकुनाची मालिका काढली. पहिल्या चित्रपटात ज्यांचे नाव दुसऱ्याने विकले, त्यांच्या नावाची ही कंपनी होती, आणि तिच्या कामावर त्यांची स्वतःची सही होती. विंगेतून यांना विनंती आहे की ‘कीचकवध’ आणि साहित्य संघाच्या इतर प्रयोगांतील दुर्गाबाईंच्या कामाविषयी त्यांनी याच धाग्यावर पुढे लिहावे.